सहाव्या निगेटिव्हची मिनिटं

माझा भाऊ मुलाखतींमध्ये सांगतो की त्याचे फोटो सूर्य छापतो. ऐकणारे माना डोलावतात. खरं म्हणजे ते फोटो मी छापते, आणि छापताना माझ्या खोलीत सूर्य फिरकतही नाही. तिथे एक लाकडी पेटी आहे. तिच्या झाकणाला आतून बारा नळ्या बसवल्या आहेत, त्यांचा जांभळट, डोळ्यांना टोचणारा उजेड पडतो. शेजारी एक घड्याळ आहे, स्वयंपाकघरात अंडी उकडताना लावतात तसलं. चौदा वर्षं हाच आमचा सूर्य आहे.

काम सांगायला सोपं आहे. जाड कागद मिठाच्या पाण्यात बुडवून सुकवायचा. मग पिवळ्या दिव्याखाली त्यावर चांदीचं द्रावण ब्रशनं फिरवायचं आणि पुन्हा सुकवायचं, अगदी कडकडीत. त्यावर निगेटिव्ह ठेवायची, काचेच्या चौकटीत दोन्ही दाबून बसवायचं आणि पेटीत सरकवायचं. निगेटिव्ह जेवढी तेवढीच प्रिंट, म्हणून दादा ट्रेएवढ्या फिल्मवर फोटो काढतो, त्या अवजड कॅमेऱ्यानं. उजेड जिथून आरपार जातो तिथे कागद तपकिरी होतो. नंतर धुणं, हायपो नावाच्या द्रावणात बुडवून पक्कं करणं, म्हणजे मग ती उजेडात आणखी काळी पडत नाही, आणि पुन्हा धुणं. यातलं सगळं कुणालाही शिकवता येतं. फक्त एक गोष्ट येत नाही: किती मिनिटं.

कारण पेटीतून काढताना प्रिंट बघाल तर वाटेल, जळाली. ती तशीच काळीकुट्ट दिसायला हवी, हायपोत गेल्यावर फिकी पडते. नवखा माणूस चांगली दिसली की बाहेर काढतो आणि हायपोत तिचं पार पिठलं होतं. दादा अजून नवखाच आहे. चौदा वर्षांत त्यानं पेटीचं बटण तेवढं दाबलंय, तेही कुणी शूटिंग करत असेल तर.

हे सगळं कुरकुरत का होईना, मी चालवून घेत होते. फोटो चांगले काढतो हे खोटं नाही. नाव त्याचं, बोटं काळी माझी. चांदीचे डाग काही केल्या जात नाहीत, भाजीवाला सुट्टे पैसे माझ्या तळहातावर टेकवतसुद्धा नाही, वरून सोडतो. तरी मला छापण्याची हौस होती आणि त्याला छापणारं माणूस हवं होतं. जमून गेलं होतं.

आई गेली त्याला चार महिने झाले तेव्हा तो आईच्या निगेटिव्ह घेऊन आला.

शेवटचे सात आठवडे आई त्याच्याकडे होती. मी सकाळी जायची, तिला पुसून, कपडे बदलून, भरवून दुपारी कामावर परत यायची. त्यानं त्या दिवसांत फोटो काढले हे मला माहीत होतं. कॅमेरा त्या खोलीच्या कोपऱ्यात तिकाटण्यावर उभाच असायचा. आई एकदा मला म्हणाली होती, "तो काळा बाप्या तिथून हलव गं, बघत बसतो." मी हलवला. दुसऱ्या दिवशी परत तिथेच होता.

"पाच आहेत," दादा म्हणाला आणि खोका टेबलावर ठेवला. "बघून घे."

मी एकेक खिडकीला धरून पाहिली. आईचे हात. पाण्याच्या पेल्याशेजारी तिचा चष्मा. पायमोजे घातलेली पावलं. झोपलेला चेहरा. खिडकीकडे तोंड केलेली पाठमोरी आई, शालीत गुंडाळलेली. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. मला वाटलं, माझ्या भावाला काहीतरी कळतं. त्या आठवड्यात मी पाचही छापल्या. सात मिनिटं, नऊ मिनिटं, एकीला साडेआठ. इतका जीव ओतून मी कधी छापलं नव्हतं.

सहावी त्यानं सोमवारी आणली, वेगळ्या पाकिटात, चिकटपट्टी लावून.

"ही मुख्य," तो म्हणाला. "प्रदर्शनात समोरच्या भिंतीवर हीच. पत्रिकेवर पण हीच जाणार. आणि हे बघ, हिला अकरा मिनिटं दे. जास्त नको."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा माणूस मला मिनिटं सांगत होता! यानं आयुष्यात कधी स्वतःसाठी अंडं उकडलेलं नाही.

"नमुन्याची पट्टी काढल्याशिवाय मी मिनिटं ठरवत नाही," मी म्हणाले.

"काढ ना पट्टी, कोण नको म्हणतंय. पण पांढरं आहे ते पांढरंच राहू दे, कोरा कागद दिसू दे. अकरा."

तो गेल्यावर मी पाकीट फोडलं आणि निगेटिव्ह खिडकीला धरली. आई पलंगावर होती. गाऊन वर गेलेला. पोट, मांड्या, कमरेवरची ती जखम जिला मी रोज सकाळी मलम लावायची, सगळं होतं. निगेटिव्हच ती, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, तरी ओळखायला एक क्षणही लागला नाही. खालचा अर्धा भाग चादरीचा होता. खिडकीचा उजेड थेट चादरीवर पडलेला, त्यामुळे निगेटिव्हमध्ये तो भाग इतका दाट झाला होता की त्यातून काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं.

मी निगेटिव्ह पाकिटात घातली, हात धुतले आणि पुन्हा धुतले.

आमची आई कशी होती ते सांगायला हवं. ती एकटी घरात असली तरी कपडे बदलताना कडी लावायची आणि वर दाराला खुर्ची टेकवायची. शेवटी तिला स्वतःचं स्वतः पुसता येईना, तेव्हाही मला म्हणायची, "आधी भिंतीकडे बघ."

"अगं, मी तुझी मुलगी आहे."

"म्हणूनच."

मग मी भिंतीकडे बघत, हातांनी चाचपत पुसायची. मलमसुद्धा तसंच लावायची. दोघींनाही त्यात आता हसू यायला लागलं होतं.

मी दादाला फोन लावला. "हे आईला माहीत होतं?"

"म्हणजे काय! तिनंच सांगितलं. म्हणाली, काढ, आता लपवायचं काय उरलंय."

"आई असं म्हणाली?"

"माणूस शेवटी बदलतं गं. तू दुपारी निघून जायचीस, तुला काय माहीत."

हे बरोबर वर्मी लागलं. मी दुपारी निघून जायची ते याचेच फोटो छापायला. मनात म्हटलं, खरंही असेल. म्हातारपणी, दुखण्यात माणूस काय बोलेल ते कुणी सांगावं. तिची परवानगी असेल तर नाही म्हणणारी मी कोण? आणि नसेल तर? नसेल तर ते कळायचं कसं, ती तर गेली.

मंगळवारी सकाळी मी पट्टी काढली. पट्टी म्हणजे अशी, की कागदावर काळा पुठ्ठा धरायचा आणि दर दोन मिनिटांनी तो थोडा थोडा सरकवायचा, म्हणजे एकाच कागदावर तीन मिनिटांपासून पुढे सगळे नमुने शेजारी शेजारी मिळतात. मी एकोणीसपर्यंत गेले, ती माझी सवय आहे. दाट निगेटिव्ह असली की पांढऱ्यात काही दडलंय का हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कागद धुतला, हायपोत घातला, पाण्यात काढला आणि दिवा लावला. आणि पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? तर ‘नऊ आणि अकराच्या मध्ये त्वचेचा रंग काय सुरेख उतरलाय.’ आईची मांडी होती ती. मी तिथल्या सावल्या मोजत होते, बाजारात कापड हातात चोळून बघतात तशी. दुसऱ्या क्षणी मला माझीच इतकी किळस आली की मी मोरीपाशी जाऊन उभी राहिले. काही बाहेर पडलं नाही. तोंड मात्र बराच वेळ कडू होतं.

परत येऊन मी कडेची पट्टी पाहिली, एकोणीस मिनिटांची. अकराच्या पट्टीत चादर कोरा कागद होती, त्यानं सांगितलं होतं तशी. एकोणिसाच्या पट्टीत ती कोरी नव्हती. तिच्यात सुरकुत्या होत्या, आणि सुरकुत्यांच्या शेवटी बोटांची पेरं होती.

मी दुसरा कागद लावला, सुकवला, आणि अख्खी प्रिंट एकोणीस मिनिटांवर काढली. पाण्यातून काढून पिवळ्या दिव्याखाली काचेवर पसरली. हायपोत घालायचं भानच राहिलं नाही.

चादरीचा काठ आईच्या मुठीत होता. दोन्ही मुठींत. तिच्या हातात पेला धरायचं बळ नव्हतं, मीच धरायची, आणि इथे पेरं पांढरी पडेपर्यंत तिनं तो काठ आवळला होता. फोटोच्या उजव्या कडेनं आणखी एक हात आत आला होता आणि चादर आपल्याकडे ओढत होता. त्या हाताची करंगळी वाकडी होती. ती करंगळी मी ओळखते, कारण तो नऊ वर्षांचा असताना कपाटाचं दार मीच तिच्यावर लावलं होतं. एका हातात कॅमेऱ्याचा, दाबला की फोटो निघतो तो रबरी फुगा आणि दुसऱ्या हातानं हे.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं काही झालं नाही मला. गार पडले मी. अकरा मिनिटं. पांढरं पांढरंच राहू दे. माझ्याकडून छापून घ्यायचं, माझ्याच हातानं झाकून घ्यायचं, आणि वर मला ताकास तूर लागू द्यायची नाही!

नमुन्याची पट्टी मी फाडून टाकली, ती प्रिंट काळ्या पाकिटात ठेवली आणि ठरवलं की ती त्याच्यासमोर धरायची. बाकी काही बोलायचं नाही. मला खात्री होती की तो बघेल आणि मान खाली घालेल. मग आपोआपच ती भिंतीवर जाणार नाही. भाऊ आहे, राक्षस नाही.

बुधवारी अकराच्या सुमाराला तो आला तो एकटा नाही. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई बरोबर होत्या, भला मोठा चष्मा, आवाज अगदी हळू, दुखवट्याला आल्यासारखा. मला वाटलं, बरंच झालं, हिच्यासमोर होऊ दे. मी खिडक्यांचे पडदे ओढले, पिवळा दिवा लावला आणि प्रिंट काचेवर ठेवली.

"ही अजून पक्की केलेली नाही," मी म्हणाले. "उजेडात नेऊ नका."

दोघं वाकले. दादाचा चेहरा मी बघत होते. तो उतरला. खरंच उतरला, मी शपथेवर सांगते, एवढासा झाला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हा हात कुणाचा?"

माझ्या भावानं घसा साफ केला.

"माझा," तो म्हणाला. "तोच तर विषय आहे. आई झाकते, मुलगा उघडतो. सगळं आयुष्यच त्यात येतं."

"बाप रे," बाई म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवला. "किती धाडसाचं आहे हे! पत्रिकेवर तर हे हवंच. ती मूठ बघा!"

"हो ना. मला ती मूठच हवी होती," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, "अकरा नको आता. एकोणीसच दे."

लाज कोळून प्यालेली माणसं मी पाहिली आहेत, पण घोट घेताना कुणाला पाहिलं नव्हतं. दोन श्वास घेतले त्यानं तेवढ्यात. बाईंनी फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली, तर त्यानंच अडवलं. "पिवळा येईल, असा नको. पक्की प्रिंट संध्याकाळपर्यंत पोचवतो. माझ्या कामाला कॉम्प्युटर शिवत नाही. एक निगेटिव्ह, एक प्रिंट, नंतर निगेटिव्ह तिजोरीत." बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि माझ्या खांद्यावर थोपटून त्या गेल्या. माझी बोटं पाहून हात मात्र मिळवला नाही.

"दादा, ही लावू नकोस," मी म्हणाले. "पाच लाव. पाच सुंदर आहेत. ही नको."

"तुला कळत नाही यातलं."

"मी पाया पडते तुझ्या."

"नाटकं करू नकोस. कागद लाव. आणि थांब, मी फोन उभा करतो, बटण मी दाबेन. बाईंना थोडं शूटिंग पण हवंय."

मी कागद लावला. चांदीचं द्रावण मापात ओतलं, ब्रश आडवा फिरवला, मग उभा. फोनसमोर तो बोलत होता, सूर्य, मीठ, चांदी, आई. कागद ओला चकचकत होता. तो सुकायला पाऊण तास लागतो. दमट राहिला तर चांदी निगेटिव्हमध्ये शिरते, फिल्म कागदाला चिकटते, आणि मग ती निगेटिव्ह जगातला कुणीही परत आणू शकत नाही. हे काम शिकताना पहिल्या दिवशी हेच सांगतात. चौदा वर्षांत माझ्याकडून एकही निगेटिव्ह बिघडली नव्हती. दादाला हे माहीत नव्हतं, कारण सूर्याला कधी कागद सुकवावा लागत नाही.

मी ओल्या कागदावर निगेटिव्ह ठेवली. चौकट बंद केली, खिट्ट्या लावल्या.

"किती?" तो फोनकडे बघून म्हणाला.

"एकोणीस."

त्यानं बटण दाबलं. पेटीच्या फटींतून जांभळा उजेड सांडला. त्यानं फोन बंद केला आणि स्टुलावर बसून त्यात काहीतरी बघायला लागला.

चौकट लगेच उघडली असती, तर निगेटिव्ह अजून वाचली असती. डाग पडला असता, पण वाचली असती. मी झाकणावर हात ठेवून उभी होते.

"दादा, ती काय म्हणाली?"

"कोण?"

"आई. चादर ओढलीस तेव्हा."

त्यानं वर पाहिलं नाही. "काय म्हणणार. ‘नको रे’ म्हणाली." मग फोनवर बोट सरकवतच म्हणाला, "अगं, ती सगळ्यालाच नको म्हणायची. औषधाला नको, सूपला नको. तू तरी तिचं ऐकायचीस का?"

मी ऐकायची. भिंतीकडे बघायची मी.

झाकणावरचा हात मी काढला. एकोणीस मिनिटं पूर्ण होऊ दिली.

चौकट मीच उघडली. फिल्म एका कोपऱ्यात सुटली आणि बाकी सगळी कागदाला धरून बसली. मी ओढली तेव्हा ओल्या सालीसारखा आवाज आला. आईचा अर्धा भाग कागदाबरोबर गेला आणि उरलेल्यावर गंजाच्या रंगाचे डाग फुटले होते. चेहऱ्याच्या जागी डाग, पोटाच्या जागी भोक.

"हे काय झालं?" दादा उठला. "काय झालं हे?"

"कागद ओला होता."

"ओला होता म्हणजे? तुला कळलं नाही?"

"कळलं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो ओरडला, काय काय ओरडला, मी ऐकलं नाही. निगेटिव्ह घेऊन तो मोरीकडे धावला आणि नळाखाली धरून बोटांनी डाग घासायला लागला. साबण लावला त्यानं, साबण! घासल्यावर आईचं जे उरलं होतं तेही त्याच्या हातावर आलं. तरी घासतच होता.

काचेवर ती एकच प्रिंट उरली होती. पक्की न केलेली. मी ती उचलली, पडदा सरकवला आणि दुपारच्या लख्ख उन्हात खिडकीत ठेवली.

चादर आधी गुलाबी झाली, मग तांबूस. दादा दारात येऊन उभा राहिला, हात ठिबकत होते. त्याला कळलं की हायपोत टाकली तर ही अजून वाचेल. हे एवढं त्याला माहीत होतं. तो धावून आला नाही. तिथूनच म्हणाला, "घाल गं हायपोत." लहानपणी आईकडे कपाटावरचा डबा मागायचा त्या आवाजात. "नाही लावत कुठे. घरात ठेवीन. बघ ना किती छान आलीये."

छान आली होती. एवढी चांगली प्रिंट मी आजवर काढली नव्हती, आणि पुढेही काढीन असं वाटत नाही. हायपोचा ट्रे माझ्यापासून दोन हातांवर होता. मी खिडकीची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली, कारण सोडली असती तर मीच ती उचलून त्यात टाकली असती.

उजव्या कडेचा हात काळवंडला. मग पोट, मग जखम. मुठी बराच वेळ दिसत राहिल्या. त्याही गेल्या तेव्हा कागद वरपासून खालपर्यंत एकसारखा गडद तपकिरी झाला होता, आणि दादा निघून गेला होता.